आजीची पट्टी

गाण्यातल्या ‘शाळेला’ ह्या शब्दावर धम्मदिनाचा आवाज पुन्हा चिरकला, तशी संघरत्नाने तिला खिडकीपाशी ओढलं, तोंड उघडायला लावलं आणि मोबाईलच्या टॉर्चने घसा बघितला. लाल नव्हता. तरी मिठाच्या कोमट पाण्याचा पेला तिने पुढे केलाच.

“मम्मी, परत गुळण्या?”

“कर गुपचूप. बर्फाचा गोळा खाताना विचारलं होतंस मला?”

उद्या जयंती. विहारासमोर स्टेज बांधून झालं होतं आणि आठ वर्षांची धम्मदिना त्यावर आपल्या आजीचं गाणं म्हणणार होती. शांताबाईंच्या तरुणपणी त्यांची एक कॅसेट निघाली होती, त्यातलं. ते गाणं कुणीतरी ॲपवर चढवलेलं तिच्या पप्पांना, राकेशला, सापडलं. गायिकेच्या जागी नुसतं ‘पारंपरिक’ लिहिलेलं, तरी त्या दिवशी त्याने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पोरीने मोबाईलवर ऐकून ऐकून ते पाठ केलं. शब्द चोख, ठेका चोख. फक्त अंतऱ्याला आवाज पोचत नव्हता.

संघरत्नाने गाणं पुन्हा लावलं. मोबाईलमधून बारीक, टोकदार आवाज आला. ‘उंबरा ओलांडून लेक चालली शाळेला...’ धम्मदिना टाचा उंचावून त्याच्यामागे चढत गेली. गळ्याच्या शिरा फुगल्या. चिरकली. मग तिने जमिनीवर बसकणच मारली.

“मी नाही गाणार जा. मला आजीसारखं येतच नाही.”

खाटेवर मेथी निवडत बसलेल्या शांताबाईंनी मान वर केली नाही. “माझ्यासारखं कुठनं येनार? ह्यो आवाज माझा न्हाय.”

“झालं चालू!” राकेश हसला. “आई, अगं तूच आहेस ती. स्वतःचा आवाज कुणालाच ओळखू येत नाय.”

“मला येतो.”

हे दोन महिने चाललं होतं. वय झालं, म्हणून सगळे सोडून देत. संघरत्नाचं तर आता कशातच लक्ष नव्हतं. सगळ्या वस्तीसमोर आपली पोर चिरकतेय, पुढची पोरं खिदळतायत, हे चित्र सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मंडळाच्या कुणालला सांगून टाकावं, घसा धरलाय, नाव काढ. फोन करायला तिने मोबाईल उचलला. गाणं अजून चालूच होतं. दोन कडव्यांच्या मधे पेटी थांबली आणि मागून अगदी पुसट ऐकू आलं, खटखट, खटखट.

ते तिला नवीन नव्हतं. रेकॉर्डिंग ह्याच निजामपुऱ्यात, ह्याच गल्लीतल्या एका यंत्रमागाच्या कारखान्याच्या माळ्यावर झालेलं. गाण्यासाठी लूम कोण बंद ठेवणार? पण आज ती थबकली. खाली अन्सारीशेठचे लूम चालू होते. लग्न होऊन आल्यापासून तो ताल तिच्या अंगात भिनलेला. तान्ह्या धम्मदिनाला तिने थोपटलं तेसुद्धा त्याच तालावर. तिचा हात आताही मांडीवर आपोआप चालायला लागला. आणि मोबाईलमधली खटखट त्या हाताच्या पुढे पळत होती.

“अहो, इकडे या. ह्यातला लूम पळतोय.”

“क्या?”

“हा ऐका. आणि खालचा ऐका. कुठला लूम एवढा पळतो?”

राकेशने एक कान मोबाईलला लावला, दुसरा खिडकीकडे केला. त्याचं हसू मावळलं. “अरे, हा तर भागतोय! चढवणाऱ्याचं टेपचं मशीनच जोरात फिरत असणार. मग आवाज पण वर खेचला जाणार ना.”

“आई, कॅसेट कुठंय?” संघरत्नाने विचारलं.

“कपाटावर, डब्यात. तुमीच म्हनत व्हता, मोबाईलवर आली, आता भंगारात देऊ.”

खुर्चीवर चढून राकेशने डबा काढला, जुना टू-इन-वन काढला, लुंगीने पुसला. कव्हरावर तरुण शांताबाई होत्या, हनुवटी वर केलेल्या. खाली ठळक अक्षरांत नाव: शांताबाई पंढरीनाथ जाधव आणि पार्टी.

बटण खटकन दाबलं गेलं. थोडी खरखर झाली आणि आवाज आला. रुंद, खालच्या पट्टीतला, भरल्या घागरीसारखा. कसलीही घाई नसलेला. त्याच्या मागे खटखट, खिडकीखाली खटखट. पावलाला पाऊल.

खाटेवर मेथीची जुडी तशीच राहिली.

धम्मदिना कुणी न सांगता उठली आणि त्या आवाजात शिरली. अंतरा आला, तशी संघरत्नाने पदराचा बोळा मुठीत धरला. ‘उंबरा ओलांडून लेक चालली...’ आवाज वर गेला आणि ‘शाळेला’वर ऐसपैस बसला.

“बसला!” संघरत्ना एवढ्या जोरात ओरडली की खालून कुणीतरी “क्या हुआ, भाभी?” म्हणून विचारलं.

“मम्मी, टाचा पण नाही उचलल्या मी!”

“आई,” राकेश म्हणाला, “हे नीट उतरवून मीच चढवतो मोबाईलवर. तुझं नाव घालून.”

“चढव की. पन ही डब्यातच ऱ्हाऊ दे. उद्या पुन्हा कोनी मला पळवली, तर इचारायचं कोनाला?”

शांताबाई गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. जिना उतरवत न्हाय, मी काय येत न्हाय, असं त्यांचं आठवडाभर चाललं होतं. आता त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून पांढरी साडी ओढून काढली.

“आई, गुडघे?”

“गुडघ्यांना काय धाड भरली! पोर गायला लागली की लोकं इचारतील, कोनाची गं ही? तवा मी म्होरं नको?”

साडी त्यांनी सुनेच्या हातात दिली.

“इस्त्री मार. कडक.”