सजीवांची ताटली

"अगं, हे काय केलंस?" बालवाडीच्या बाईंच्या हातातली कात्री थांबली.

उद्या वर्गात घ्यायचा खेळ त्या आज आपल्याच पोरींवर करून बघत होत्या. चटईवर दोन ताटल्या, एक सजीवांची, एक निर्जीवांची. पाच वर्षांच्या धाकटीनं ढगाचं चित्र सजीवांत टाकलं, कारण ढग पळतो. झाड मात्र निर्जीवांत. मेलं जागचं हलत नाही, म्हणे! आठ वर्षांच्या थोरलीनं कपाळावर हात मारला. "येडे, झाड वाढतं, पाणी पितं. ढगाला कधी भूक लागते का?" बाई मनातून खूश झाल्या. वय वाढतं तशी समज कशी बदलते, ते घरबसल्या दिसत होतं.

चित्रं संपली तशी धाकटीनं घरातल्यांचे फोटो घेतले. आई, पप्पा, ताई सजीवांत गेले. तिची चिंधीची बाहुलीही तिथेच जाऊन बसली. आजोबांचा फोटो तिनं निर्जीवांत ठेवला, बादली आणि खुर्चीच्या मधोमध.

आजोबा म्हणजे बाईंचे वडील. अर्धांगानं वाचा गेली, तेव्हापासून आतल्या खोलीत पडून होते. दार सताड उघडं होतं.

"शुभ बोल नाऱ्या!" बाई दबक्या आवाजात कडाडल्या. "उचल आधी तो फोटो."

"आजोबा श्वास घेतात, जेवतात," थोरली म्हणाली. "हलत नसले म्हणून काय झालं? तुझी बाहुली तरी कुठे हलते?"

"पण तिच्याशी मी बोलते ना," धाकटी म्हणाली. "आजोबांशी कुणीच बोलत नाही."

बाईंनी कात्री खाली ठेवली. काहीतरीच! सकाळीच त्यांनी अंग पुसलं होतं, चादर बदलली होती, चमच्यानं पेज भरवली होती. शेजारपाजारचे तोंड भरून कौतुक करायचे, लेक असावी तर अशी. आणि बोलल्या काय होत्या? "जरा उचल रे, खाली सरकलेत," एवढंच. तेही नवऱ्याला. काल? परवा? काही केल्या आठवेना. बोलायचं नाही असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. हळूहळू बंदच पडलं होतं.

त्या तशाच उठून आत गेल्या. आजोबा छताकडे बघत होते.

"बाबा," त्या म्हणाल्या.

भिंतीनं हाक मारावी तसे आजोबा दचकले.