बदललेला शब्द

"उचल तरी," शेजारची लता म्हणाली. "तिसऱ्यांदा वाजतोय."

सुलक्षणाताईंनी सोललेल्या वालांचं ताट बाजूला सरकवलं आणि चष्मा लावून नंबर बघितला. अनोळखी होता.

"हा तोच असणार. अबोलीनं सकाळीच सांगितलंय."

अबोली त्यांची मुलगी. मालाडला एका बँकेच्या ऑफिसात होती. लोकांच्या खात्यात काही लबाडी होतेय का, यावर नजर ठेवायचं तिचं काम. तिथं स्वतःचा मोबाइल कपाटात ठेवूनच आत जावं लागे, त्यामुळे कामावरून फोन केला तर तो ऑफिसच्या कुठल्यातरी नंबरावरून. सकाळी साडेनऊला तसाच आला होता.

"आई, आज आपल्या खात्यावर कुणाचा तरी डोळा आहे. माझाच आवाज काढून फोन करतील. हल्ली मशीनवर होतं तसं."

मायलेकींचा एक शब्द ठरलेला होता. तो विचारल्याशिवाय पैशाचं काहीही बोलायचं नाही, हा नियम अबोलीचाच. सुलक्षणाताईंनी विचारला. घाईत पोरीला आठवेना. ताई दर शनिवारी सोसायटीतल्या मुलांना श्लोक शिकवत. कुणी अडलं की पहिली अक्षरं त्यांच्या तोंडून आपोआप निघत. "खांड..." एवढं म्हटल्यावर तिला आठवलं.

"खांडवी गं, आई. पण हा शब्द आता फुटलाय. आज जो 'खांडवी' म्हणेल तो खोटा समज. आपला नवा शब्द 'अबीर'."

मग तिनं सांगितलं तसं ताईंनी मोबाइलवर एकेक दाबत खात्याला कुलूप घातलं. बँकेचे मेसेज येतील, ते उघडायचे नाहीत, असंही ठरलं. "बाबांना काही बोलू नकोस. चल, जाते मी," म्हणून तिनं फोन ठेवला होता.

बाबा, म्हणजे विद्याधरराव, आतल्या खोलीत झोपले होते. शुक्रवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याचे सगळे पैसे त्या एका खात्यात होते.

फोन चौथ्यांदा वाजला. ताईंनी उचलला आणि लतालाही ऐकू येईल असा ठेवला.

"आई, मी अबोली. ठेवू नकोस. मघापासून लावतेय."

लतानं भुवया उडवल्या. हुबेहूब आवाज. शेवटी किंचित बसणारा, तसाच.

"शब्द सांग," ताई शांतपणे म्हणाल्या.

"खांडवी."

ताईंनी लताकडे बघून मान हलवली. पोरगी म्हणाली तसंच घडत होतं.

"आई, आपल्या खात्यातून पैसे चाललेत. दोन हप्ते गेलेसुद्धा. मला काही सांगू नकोस, आकडे नकोत, काही नको. कार्डाच्या मागे नंबर आहे ना, त्यावर तू स्वतः फोन कर आणि खातं थांबवायला सांग."

"किती सभ्य झालेत बघ चोर," लता कुजबुजली. "ठेव गं, यार."

"कोण आहे तिथे? लतामावशी? मावशी, तिला समजाव ना. माझ्या हातात काही नाही. घरच्यांच्या खात्याला मला हात लावता येत नाही. आमचे साहेब बाजूलाच आहेत. सगळं तुझ्याच मोबाइलवरून मंजूर झालेलं दिसतंय. 'मी हे केलेलं नाही', एवढं एक वाक्य त्यांना म्हण, आई. ते लगेच थांबवतील."

ताई थबकल्या. श्रावणात खोटं बोलायचं नाही हा त्यांचा कितीतरी वर्षांचा नेम. लता चिडवायची, "म्हणजे उरलेले अकरा महिने मोकळी का गं?" तरी त्यांनी तो कधी मोडला नव्हता. आणि सकाळी मोबाइलवर जे काही दाबलं, ते त्यांनी स्वतःच्या बोटानं दाबलं होतं. मग चोराशी तरी खोटं कशाला बोलायचं?

"मीच केलंय ते," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं."

पलीकडे कुणीतरी पुरुष हळू आवाजात काही बोलला.

"आई," आवाज अगदी बारीक झाला होता. "असं का म्हणालीस गं?"

ताईंनी वालांचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

"बरं. येते मी."

फोन बंद झाला.

"येते म्हणजे काय, घरी?" लता हसली. "एवढं धाडस? कडी लाव बाई."

ताईंनी उठून खरंच कडी लावली. देवापुढे हात जोडले. मोबाइल टेबलावर दोनदा थरथरला, मग आणखी एकदा. मेसेज होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी ते उघडले नाहीत. आत विद्याधररावांना खोकला आला, त्यांना पाणी देऊन त्या परत वाल सोलायला बसल्या. आज सोमवार, दिवे लागले की उपास सोडायचा, बिरडं व्हायला हवं होतं.

"पण तुला मानलं," लता म्हणाली. "मी असते तर रडून सगळं सांगून टाकलं असतं."

"अबोलीची शिकवण. दुसरं काय."

अर्ध्या तासानं वाल संपले. लतानं सालं कागदात गुंडाळली, चपला पायात सरकवल्या आणि कडी काढली.

"चल, जाते मी. कुकर लावायचाय."

"जाते काय म्हणतेस? येते म्हणावं," ताई सवयीनं म्हणाल्या. "आमच्या अबोलीच्या तोंडून तर तीन वर्षांची होती तेव्हापासून कधी..."

त्या तिथंच थांबल्या.

"काय झालं गं?" लतानं विचारलं.

टेबलावर मोबाइल पुन्हा थरथरला. सुलक्षणाताईंचा हात तिकडे गेला आणि मध्येच राहिला.

"सकाळी," त्या म्हणाल्या, "ती 'जाते' म्हणाली होती."