कुठल्या जागी खेळतेस?

"कुठल्या जागी खेळतेस?" व्यावसायिक फुटबॉल क्लबसाठी मुली निवडायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"सांगाल तिथं," माझी नात म्हणाली. "कॉलेजच्या संघात बचावाला असलेलीचं लग्न झालं, तेव्हा मी मागं गेले. गोलकीपरचं ठरलं, मी हातमोजे घातले. मग पुढं खेळणारी सासरी गेली, तेव्हापासून गोलही मीच मारते."

साहेब हसले. "म्हणजे उरलेल्या जागा भरतेस. एकीत तरी पक्की आहेस का? आणि उद्या तुझंच ठरलं, तर आम्ही कुणाला शोधायचं?"

मी कडेला उभी होते. मला खो-खोच्या अंतिम सामन्यातून मधेच उठवून घरी नेलं होतं, पाहुणे बघायला आलेत म्हणून. धापा टाकतच मी साडी नेसले. त्यानंतर मैदानात पाय पडला नाही. एवढं आयुष्य गेलं, पण तो राग अजून ताजा आहे.

"आजच पाहुणे यायचे होते, साहेब," नात म्हणाली. "आजीनं निरोप धाडला, मुलगी बघायची तर मैदानावर या. ते बघा, गॅलरीत उन्हात बसलेत."

साहेबांनी वर पाहिलं. मुलाचे फेटेवाले मामा अवघडून हसले. नवरामुलगा रुमालानं घाम पुसत होता.

"त्यांना चालेल हे?"

"त्यांचं ते बघतील. तुम्ही माझा खेळ बघा."

साहेबांनी शिट्टी तोंडात धरली, पुन्हा काढली. "गोलकीपर म्हणून सुरू कर. आज सगळ्या जागा बघतो."

मी गॅलरीकडे वळून ओरडले, "बसा हो निवांत, वेळ लागणार आहे!"