मुकी झालेली गाडी

"जुनाच बसवून दे वं शामला. हा नवा काढ."

नत्थूजींनी हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा शामलानं हातातला पाना खाली ठेवला. कळमन्याच्या रस्त्यावर तिचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोक तिथे जुना काढून नवा बसवायला येत. नवा काढून जुना बसव म्हणणारा माणूस तिनं अजून पाहिला नव्हता. आणि नवा म्हणजे महिन्याभरापूर्वी तिनंच बसवलेला, कोरा करकरीत. दुसरी कोणी असती तर चिडली असती. शामला मुलखाची चौकस. तिला रागाच्या आधी प्रश्न पडायचा.

"काहून जी काका? काय खोट आहे त्याच्यात?"

"खोट नाही. पण तो बसला अन् गाडी मुकी झाली. तापली तरी सांगत नाही मले."

गाडी म्हणजे नत्थूजींचा स्वतःचा अठरा वर्षांचा ट्रक. कोराडीहून राखेच्या विटा भरायच्या आणि बेसाच्या नव्या इमारतींवर उतरवायच्या, हे त्यांचं रोजचं काम. गाडीचा तापमानाचा काटा अकरा वर्षांपूर्वीच मेला होता. तो त्यांनी कधी बदलला नाही. केबिनमध्ये ते चप्पल घालत नसत, देवघरात घालत नाहीत तशी. डावा पाय इंजिनच्या पत्र्याला टेकवून ठेवायचे आणि त्या तळव्यानं इंजिनचा ताप ओळखायचे. मे महिन्यातसुद्धा त्यांनी गाडी कधी उकळू दिली नव्हती. पत्रा जरा जास्त पोळला की बाजूला घ्यायचे, बोनेट उघडायचे, बिडी ओढून होईपर्यंत थांबायचे. कळमन्यातले ड्रायव्हर याची गंमत करत आणि मनातून मानतही.

आणि आता महिन्यात दोनदा उकळली. पहिल्यांदा जुना रेडिएटर बोअरच्या पाण्यानं आतून चोंदला होता. दुसऱ्यांदा तर होजपाइपची क्लिप सैल होऊन पाणी गळून गेलं, एवढंच. पण दोन्ही वेळेला समोरून वाफ आली तेव्हाच नत्थूजींना कळलं. जावई विक्कीनं हात टेकले. पुन्हा उकळली तर इंजिनच बसेल, त्यापेक्षा आत्ताच काढून टाकू, असं म्हणून त्यानं भंगारवाल्याला शनिवारचं बोलावलं होतं.

"गाडी गेली तर मी घरी बसून काय करू वं?" नत्थूजी म्हणाले. "जुना तांब्याचा होता. तो होता तवा बोलायची गाडी माह्यासंगं."

शामलाला त्यांची कीव आली, पण डोक्यात काहीतरी अडकलं होतं.

"थांबा काका. पहिल्यांदा उकळली तवा तर तांब्याचाच होता ना?"

नत्थूजींनी मान डोलावली.

"मंग तवा काहून नाही बोलली?"

याचं उत्तर मिळाल्याशिवाय तिला जेवण गोड लागलं नसतं. तिनं रेडिएटरच्या पुढे ताडपत्रीचा तुकडा लावून त्याचा वारा बंद केला, म्हणजे इंजिन लवकर तापेल. कपाटातून तापमानाचा एक चालू मीटर काढला, त्याची वायर इंजिनला जोडली आणि तो मांडीवर उलटा धरून क्लीनरच्या सीटवर बसली. नत्थूजी चप्पल खाली काढून वर चढले. इंजिन सुरू करून डावा पाय नेहमीच्या जागी टेकवला.

"मीटर माह्याजवळ, पाय तुमचा," ती म्हणाली. "तापली वाटली की सांगा."

इंजिन घरघरत राहिलं. काटा साठावर आला. मग सत्तर. नत्थूजी डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे बसले होते. ऐंशी.

"काका?"

"गार आहे अजून."

नव्वद. केबिनमध्ये तापलेल्या रंगाचा वास सुटला. शामलाच्या मानेवरून घाम ओघळला.

"कोमट तरी?"

"नाही वं. म्हणून तर म्हणून राहिलो, मुकी झाली."

काटा पंच्याण्णवच्या पुढे गेला. खरंच का नव्या रेडिएटरमुळे पत्रा तापत नाही? असं कसं होईल? शामलाला राहवेना. तिनं वाकून त्यांच्या पायाशेजारी पत्र्याला बोट लावलं.

ती किंचाळलीच. बोट तोंडात घालून तिनं दुसऱ्या हातानं इंजिन बंद केलं. नत्थूजींचा पाय तिथेच होता. निवांत.

"काका, पाय उचला!"

"काहून?"

तिनंच घोटा धरून पाय वर घेतला. तळव्यावर टपोरा फोड आला होता. त्याच्या बाजूला दुसरा, जुना, फुटून काळा पडलेला. ते समोर बघत होते तेवढ्यात तिनं त्यांच्या करंगळीला जोरात चिमटा काढला. ते समोरच बघत राहिले.

"साखर आहे काय तुमाले?"

"असन थोडीशी. डॉक्टर बोलले होते दोन वर्षांखाली. गोळ्या सरल्या, मंग राहूनच गेलं."

हे कसं सांगावं ते शामलाला कळेना, म्हणून तिनं सरळच सांगितलं.

"गाडी बोलूनच राहिली होती, काका. दोन्ही बार. तुमच्या पायाले कळून नाही राहिलं."

नत्थूजींनी पाय दुसऱ्या मांडीवर घेतला. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो बराच वेळ पाहिला. फोडावरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, महिन्याभरात उजळला नव्हता इतका.

"म्हणजे माही गाडी ठणठणीत आहे!" ते म्हणाले.