तंगुसाचं टोक

"जड जिग बांध गो," आप्पा म्हणाले. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ अशी होती, की हलका जिग, म्हणजे गळ लावलेला शिशाचा मासा, तळाला टेकायच्या आधीच वाहून जात होता.

आप्पांची बोटं हल्ली थरथरायची, म्हणून त्यांच्या गाठी त्यांची मुलगी वैजू मारायची. तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, गाठ थुंकी लावून भिजवायची आणि मगच आवळायची, ही त्यांची शिकवण. पण समोर पाण्यातल्या माशांवर पक्षी तुटून पडले होते. वैजूला स्वतःचा गळ टाकायची घाई झाली. तिने गाठ कोरडीच आवळली.

थोड्या वेळात आप्पांचा रॉड कमानीसारखा वाकला. "जिताडा! केवढा आहे बघ!" कित्येक वर्षांनी ते असे ओरडले. पाण्यात रुपेरी कूस चमकली आणि तंगूस एकदम सैल पडला.

आप्पांनी तो गुंडाळून घेतला. खडकाला घासून तुटलेलं टोक खरबरीत असतं. हे कुरळं होतं, म्हणजे गाठ सुटली होती. वैजूने ते पाहिलं. आप्पांनीही.

ती काही बोलणार, तोच त्यांनी ते टोक दातांनी तोडून टाकलं.

"खडकाला घासला," ते म्हणाले आणि दुसरा जिग तिच्यापुढे धरला. "बांध. तुझी गाठ कधी सुटत नाही."