सात ते अकरा

“कळा किती वाजता सुरू झाल्या?” हॉस्पिटलच्या वकिलाचा प्रश्न दुभाषी अरुंधतीनं मराठीत सांगितला.

मनोरमाबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीभ अडखळली असती. दहाच मिनिटांपूर्वी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये सिद्धांतनं त्यांना बजावलं होतं, “हे बघ, आई, वेळ विचारली तर आठवत नाही म्हण. चार वर्षं झाली, कोणाला आठवतं? हात दाखवून अवलक्षण नको.”

“सकाळी सात वाजता,” मनोरमाबाई म्हणाल्या.

सिद्धांतनं डोळे मिटले. त्याच्या बायकोनं, नंदिनीनं, सासूकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कोर्टातला हा खटला अन्वीसाठी होता. अन्वी, सिद्धांत-नंदिनीची मुलगी, चार वर्षांची. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. मान धरायला तिला तीन वर्षं लागली. बसवलं तर बसते, चालेलसं डॉक्टरांना वाटत नाही. हसते मात्र अशी, की समोरचा काय बोलायला आला होता तेच विसरतो. तिला जन्मभर उपचार लागणार, चाकाची खुर्ची लागणार, सोबतीला माणूस लागणार. ते सगळं हॉस्पिटलनं द्यावं, कारण चूक त्यांची, एवढंच आईबापांचं मागणं. हॉस्पिटल म्हणत होतं, ही माणसं उशिरा आली, जे व्हायचं ते घरीच होऊन गेलं. आणि ते सिद्ध करायला त्यांच्या वकिलानं साक्षीला बोलावलं ते आजीलाच, थेट कराडहून; सुनेच्या बाळंतपणाला ती इथेच येऊन राहिली होती. मोठा हुशार माणूस!

“आणि घरून निघालात किती वाजता?”

“अकराला.”

“चार तास घरी का थांबलात?”

अजूनही निसटायला जागा होती. पण हे चार तास मनोरमाबाईंनी चार वर्षं एकटीनं वागवले होते. घरात त्या सकाळचं नाव कुणी काढत नसे. नंदिनीनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नव्हता आणि त्याचाच त्यांना जास्त जाच व्हायचा. एकदा कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

“मी थांबवलं तिला,” त्या न्यायाधीशबाईंकडे वळून म्हणाल्या. “हा गाडी काढायला निघाला होता. मीच म्हटलं, पहिलटकरणीला वेळ लागतो, उगाच धावपळ नको. कोमट पाण्यानं अंघोळ घातली. मऊ भात भरवला. घरातल्या घरात फेऱ्या मारायला लावल्या. पाच-पाच मिनिटांनी कळा यायला लागल्या तेव्हा निघालो. माझी तीन बाळंतपणं अशीच झाली. चूक असेल तर ती माझी, बाईसाहेब. या दोघांना बोल लावू नका. पोरीचं जे द्यायचं ते द्या.”

अरुंधतीनं हे सगळं जर्मनमध्ये सांगितलं. मध्येच एकदा तिचा आवाज अडकला. दुभाष्याचा आवाज अडकू नये असा नियम आहे म्हणे. नियम करणाऱ्यांना सासवा नसाव्यात.

कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांचं सकाळीच बोलून झालं होतं. नंदिनी दाखल झाली तेव्हा बाळाचे ठोके उत्तम होते. ठोक्यांच्या पट्टीवर बिघाड दिसतो तो दुपारी एकनंतर, आणि पुढची पन्नास मिनिटं ती पट्टी कुणी पाहिलीच नाही. हे मोडून काढायला वकिलाच्या हाती आता आजी सापडली होती.

“म्हणजे वैद्यकीय निर्णय घेतला तो घरातल्या एका बाईनं,” तो म्हणाला, “जिला त्यातलं काही कळत नाही. इतका बेजबाबदारपणा झाल्यावर हॉस्पिटलनं काय करायचं?”

मनोरमाबाईंनी मान खाली घातली. बेजबाबदार हा शब्द त्यांनी स्वतःला कधीच लावून घेतला होता, तरी दुसऱ्याच्या तोंडून तो फार लागला.

न्यायाधीशबाई हॉस्पिटलनं दिलेली जाडजूड फाइल चाळत होत्या. त्यांनी त्यातून एक कागद काढला, चष्मा सारखा केला आणि सावकाश वाचू लागल्या, अर्थात जर्मनमध्ये.

मनोरमाबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. वकील खाली बसला. नंदिनी तोंडावर हात धरून रडायला लागली. सिद्धांत ताडकन उभा राहिला, कोर्टात असं उभं राहतात का हेही त्याला सुचलं नाही. मग वकील शेजारी बसलेल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या कानाशी लागला, उठून एकच वाक्य बोलला आणि त्यानं पेनाला टोपण लावलं.

संपलं, मनोरमाबाईंना वाटलं. नातीचं भलं आपल्याच तोंडानं घालवलं. खरं बोलायची हौस ती केवढी!

आता अरुंधती त्यांच्याकडे वळली आणि कागदावरचं मराठीत सांगू लागली.

“पहिलं बाळ असेल तर घाई करू नका. कोमट पाण्यानं अंघोळ करा. हलकं काहीतरी खा. घरातल्या घरात चाला. कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघा.”

“हो,” मनोरमाबाई मान वर करून म्हणाल्या. “सगळं मीच सांगितलं. कबूल आहे मला. परत परत कशाला वाचता?”

अरुंधतीचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

“काकू, त्यांच्या वकिलांनी आत्ता हॉस्पिटलची चूक कबूल केली. आणि हे तुमचं बोलणं नाही. नंदिनीनं नाव नोंदवलं त्या दिवशी तिच्या हातात दिलेलं, हॉस्पिटलचं स्वतःचं पत्रक आहे हे.”