पंधरा मिनिटांचा गृहपाठ

मी समाजशास्त्र शिकवते, पण नोट्स कुणाला देत नाही. विद्यापीठात माझ्या वर्गाचा पहिला गृहपाठ ठरलेला असतो: आपल्याच घरी पंधरा मिनिटं पाहुण्यासारखं वागायचं आणि घरचे काय करतात ते लिहून आणायचं. घरही न बोललेल्या नियमांवर चालतं, हे त्याशिवाय कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

यंदाही धमाल आली. पाणी मागताना "प्लीज" म्हटलं म्हणून एकाच्या आईने त्याचं कपाळ चाचपलं. कृतिकाने "आपका घर बहुत सुंदर है" म्हणताच तिच्या वडिलांनी विचारलं, "कितने सब्जेक्ट में फेल हुई?"

वर्गाचं हसून झाल्यावर कृतिकानेच मला गाठलं. "मॅम, आपने कभी किया है?"

त्याच संध्याकाळी गाझियाबादला घरी पोचले. पर्समध्ये किल्ली असून बेल वाजवली. पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेवर बसले. समोर नवरा लॅपटॉपमध्ये बुडालेला. सासूबाईंनी पाणी आणलं.

"कशाला त्रास घेतलात? पडदे छान आहेत हो. नवीन का?"

"मागच्या दिवाळीत लावले," त्या म्हणाल्या. "चहा घेणार, की घाईत आहेस?"

माझ्या कपाळाला कुणी हात लावेना. सोळाव्या मिनिटाला मलाच राहवलं नाही.

"अहो, प्रयोग होता हा! इतका वेळ मी पाहुण्यासारखी वागत होते!"

नवऱ्याने मान वर केली.

"अच्छा? कधी सुरू केलास?"